रविवारी भरणारं कोर्ट

आमच्या घरमालकांना शुक्रवारची सुट्टी असे. कसली सुट्टी, हे विचारायची सोय नव्हती. कोर्टात जाणं सोडून त्यांना माझ्या वयापेक्षा जास्त वर्षं झाली होती. तरी बाकीचे सगळे दिवस, अगदी रविवारीसुद्धा, ते सकाळी जेवून काळा कोट चढवत आणि व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत बसत ते संध्याकाळपर्यंत. तेवढ्या वेळात नळ गळतोय म्हणून सांगायला गेलं तर "कोर्ट चालू आहे" एवढंच उत्तर मिळे. दुपारी मधली सुट्टी होई. तेव्हा कोट खुर्चीच्या पाठीवर टाकून ते भाजलेले शेंगदाणे खात आणि नळाचं ऐकून घेत.

निजामाच्या राज्यात शुक्रवार सुट्टीचा होता. अठ्ठेचाळीस साली पोलीस ॲक्शन झाली, राज्य गेलं, औरंगाबादेतल्या सगळ्या कचेऱ्या रविवारी बंद राहू लागल्या. उस्मानपुऱ्यातल्या या एका व्हरांड्यापर्यंत तो हुकूम पोचला नव्हता. महिनेही त्यांचे जुनेच होते. जून आला की ते म्हणत, "अमरदाद लागला, छत्री काढा." पाऊस मात्र दोन्ही पंचांगांचं ऐकत नसे.

मी कन्नड तालुक्यातली, शेतकऱ्याची मुलगी. एल.एल.बी. झाले, वसतिगृह सोडावं लागलं आणि आता दिल्लीला आंतरराष्ट्रीय कायद्याचं एल.एल.एम. करायचं असं मी मनाशी ठरवून बसले होते. प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला शहरात राहणं भाग होतं. या वकीलसाहेबांनी फार वर्षांपूर्वी माझ्या आजोबांची जमिनीची केस लढवून जिंकली होती, त्यामुळे आमच्या घरात देवाच्या खालोखाल त्यांचं नाव. माझे वडील, आबा, म्हणाले, "वकीलसाहेबाच्या घरात पोरगी म्हंजी तिजोरीत ठेवल्यावानी." मग मला गच्चीवरच्या खोलीत ठेवण्यात आलं. खोलीत माझ्याबरोबर एक नर्सबाई होत्या. त्या बहुतेक ड्यूटीवर असत, आणि ड्यूटीवर नसत तेव्हा झोपलेल्या असत.

मी कुठला अभ्यास करते आहे हे कळल्यावर वकीलसाहेबांनी घराची फेररचना केली. जिन्याच्या वळणापर्यंतचा भाग त्यांचा मुलूख, वळणानंतरचा माझा, आणि वळणावरची चौकोनी जागा तटस्थ. तिथं केराची बादली ठेवायला दोन्ही पक्षांना मुभा होती. एकदा मी चपला खालच्या पायरीवर विसरले, तर सकाळी खालून आवाज आला, "तुमच्या चपला कालपासून आमच्या हद्दीत आहेत. जप्त करू, की शांततेनं परत नेता?" अंगणातल्या पेरूची एक फांदी गच्चीवर आली होती. तिच्याबद्दल आमच्या वाटाघाटी आठवडाभर चालल्या. शेवटी असं ठरलं की झाड त्यांचं पण हवा माझी, म्हणून माझ्या हवेत पिकलेला पेरू माझा. मात्र फांदी हलवली तर तो हल्ला समजला जाईल. वाटाघाटीत ते मला "तुम्ही" म्हणत आणि शिकवायला लागले की "तू". कुठलं राज्य चालू आहे ते मला त्यावरून कळे.

"येडं झालंय म्हातारं," नर्सबाई कूस बदलत म्हणायच्या. "पन तरास नाय त्याचा कुणाला."

ते मला नावानं कधीच हाक मारत नसत. "सानी" म्हणत. सानी म्हणजे लहानगी, असं मी धरून चालले आणि मला ते आवडायचं. त्या काळात मला लाडानं हाक मारणारं दुसरं कुणी नव्हतं. बरोबरीच्या मुली लग्न करून जालन्याला, बीडला, नाशिकला गेल्या होत्या. मी सकाळी लायब्ररीत जाई, दुपारी परत येई, जाडजूड इंग्रजी पुस्तक उघडी आणि त्यातलं एकेक वाक्य तीनतीनदा वाची. दिवसच्या दिवस असे जात की रिक्षावाल्याशी आणि लायब्ररीतल्या शिपायाशी बोलले तेवढंच. घरी गेले तरी बोलायचं काय? आंतरराष्ट्रीय कायदा म्हणजे देशादेशांच्या भांडणाचा कायदा, असं मी एकदा समजावून सांगितलं, तर आबा म्हणाले, "भावाभावाच्या भांडनाचा शिकली असती तर गावात धंदा तरी चालला असता." ते चेष्टेनं म्हणाले, पण मला परत बसमध्ये बसल्यावर रडू आलं. मी फार एकटी होते. दिल्लीत कदाचित माझ्यासारखं कुणी भेटेल, एवढ्याच आशेवर मी ते पुस्तक रेटत होते.

तेव्हा मधल्या सुट्टीतले शेंगदाणे हाच माझा दिवसातला आनंदाचा भाग झाला. वकीलसाहेब मूठभर माझ्या हातावर ठेवत आणि प्रश्न टाकत.

"सांग सानी, राज्य बुडालं. त्याच्या कोर्टानं दिलेले निकाल बुडाले का तरले?"

"नवं राज्य ते सहसा कायम ठेवतं," मी पुस्तकातलं सांगे.

"सहसा? तुझ्या आजाची जमीन सहसावर उभी आहे का?"

एकदा बोलता बोलता माझ्या तोंडून "पोलीस ॲक्शनच्या वेळी" असं गेलं. आमच्याकडे सगळे तसंच म्हणतात. म्हाताऱ्या बायका जन्मतारखासुद्धा "ॲक्शनच्या आधीचा" आणि "ॲक्शनच्या नंतरचा" अशाच सांगतात. वकीलसाहेबांनी शेंगदाण्याचं साल फुंकलं.

"रणगाडे घेऊन येतात ते पोलीस? पोलीस आपल्या घरात येतात, सानी. फौज दुसऱ्याच्या मुलखात जाते. ज्यानं हा लफ्ज शोधला त्यानं मुकदमा उभा राहायच्या आधीच जिंकला. घर पहिल्यापासून आमचंच होतं, असं एका लफ्जात सांगून मोकळा झाला. वकील असा पाहिजे."

"मग फौज आली ते तुम्हाला आवडलं नव्हतं?"

"आवडलं नव्हतं? रझाकारांच्या भीतीनं आम्ही सूर्य मावळला की कड्या लावून बसायचो. फौज आली त्या दिवशी मी रस्त्यावर नाचलो. नाचणं वेगळं, कायदा वेगळा." आणि कोट चढवून ते पुन्हा कोर्टात बसले.

महिन्यातून एखाद्या शुक्रवारी ते एस.टी.नं खुलताबादला जात. एकदा म्हणाले, "चल, तुला दुसरं हायकोर्ट दाखवतो." तिथं दर्ग्यामागच्या गल्लीत त्यांचे एक म्हातारे दोस्त राहायचे. ते पेशकार होते, म्हणजे जुन्या कोर्टात मुन्सफापुढे कागद वाचून दाखवणारे. दोघं अंगणात बाजेवर बसून चाळीस-चाळीस वर्षांपूर्वीचे मुकदमे पुन्हा चालवायचे. पेशकार नुसत्या आठवणीवर दावा वाचायचे आणि वकीलसाहेब हरकती घ्यायचे. घरात कोट घालून गप्प बसणारा हा माणूस तिथं हातवारे करत, हसत, मांडीवर थाप मारत बोलत होता. मी पहिल्यांदाच त्यांना तसं पाहिलं.

त्यांनी माझी ओळख करून दिली, "ये हमारी फरीक-ए-सानी है."

पेशकार हसून हसून खोकायला लागले. "अच्छा! तो सुलह किसने तोडी अब तक?"

मग मला कळलं. जुन्या करारात पहिला पक्ष तो फरीक-ए-अव्वल आणि दुसरा तो फरीक-ए-सानी. सानी म्हणजे दुसरी. वकीलसाहेब मला इतके दिवस लहानगी म्हणत नव्हते, समोरचा पक्ष म्हणत होते. मी जरा हिरमुसले आणि मग मला त्याचा फार अभिमान वाटला. घरातसुद्धा मला कुणी वेगळा पक्ष मानलं नव्हतं.

वकीलसाहेब पान आणायला उठले तेव्हा पेशकारांनी मला त्यांची वकिली कशी सुटली ते सांगितलं. मराठी ही त्यांच्या आईची भाषा, पण शाळा, कॉलेज, वकिली सगळी उर्दूत. देवनागरी पेपर ते बोट ठेवून वाचायचे, हे मी पाहिलंच होतं. ॲक्शननंतर कोर्टात नवे मुन्सफ आले, बाहेरचे. वकीलसाहेब भर कोर्टात बोलत होते, रंगात आले होते, आणि मुन्सफांनी विचारलं, "हे मुद्दालेह म्हणजे काय?" मुद्दालेह म्हणजे प्रतिवादी, ज्याच्यावर दावा असतो तो. कोर्ट हसलं. वकीलसाहेबांना 'प्रतिवादी' हा शब्द आठवेना. ते नुसते बोटानं त्या माणसाकडे दाखवत राहिले.

"मेरी भी हंसी निकल गयी, बेटी," पेशकार म्हणाले. "और उनो देख लिये." तेव्हापासून वकीलसाहेब कोर्टात गेले नाहीत, आणि कितीतरी दिवस खुलताबादलाही आले नाहीत. एवढ्यात ते पान घेऊन आले आणि पेशकारांनी लगेच पुढचा दावा पुकारला.

त्या हिवाळ्यात पेशकार वारले. निरोप आला तो वार सोमवार होता आणि वकीलसाहेबांनी कोट घातला नाही. दुसऱ्या दिवशी घातला, पण शेंगदाणे तसेच राहिले. पुढे काही दिवसांनी त्यांनी मला बाजेवरचे ते मुकदमे शिकवायला सुरुवात केली. मी पेशकार आणि ते वकील. माझा उर्दू उच्चार ऐकून ते कानाला हात लावत. तरी मी "दरखास्त नामंजूर" असं ठसक्यात म्हटलं की त्यांचा चेहरा उजळे. माझा अभ्यास मागे पडत होता हे मला कळत होतं, पण मी खाली जायची थांबले नाही. ते शब्द ऐकणारं आता शहरात माझ्याशिवाय कुणी उरलं नव्हतं, आणि मलाही दुसरं कुणी नव्हतं.

उन्हाळा सरता सरता दिल्लीचा निकाल लागला. माझी निवड झाली होती. मी कन्नडला निरोप पाठवला आणि आबांचा उलट निरोप आला की रविवारी येतो, तोवर काही ठरवू नको. आमच्याकडे या वाक्याचा अर्थ 'नाही' असाच होतो.

मी वकीलसाहेबांपुढे जाऊन उभी राहिले. "माझी बाजू मांडाल? आबा दुसऱ्या कुणाचं ऐकायचे नाहीत."

त्यांनी हातातले शेंगदाणे खाली ठेवले. मग म्हणाले, "वकालतनामा मंजूर." दोन दिवस ते व्हरांड्यात ओठ हलवत बसलेले मला वरून दिसायचे. कोट त्यांनी इस्त्रीला दिला. गळ्याची पांढरी पट्टीसुद्धा कुठूनशी शोधून काढली.

रविवारी आबा आले ते नेमके कोर्टाच्या वेळेत. वडिलांकडून वकीलसाहेबांच्या कोर्टातल्या गोष्टीच ऐकल्या असल्यामुळे त्यांना त्या कोटात काही वावगं वाटलं नाही. डोक्याचा रुमाल काढून गुडघ्यावर ठेवला आणि ते पायरीवर बसले.

"पोरीचं लग्नाचं वय झालंय, वकीलसाहेब. दिल्ली काय इथं हाय? मला तर काय पटत नाय. पन तुम्ही सांगा. तुमचं ऐकतो मी."

वकीलसाहेब उठून उभे राहिले. एक हात खुर्चीच्या पाठीवर होता.

"मुलगी हुशार आहे," ते म्हणाले. "हे आधी सांगतो, कारण सगळं त्याच्यावरच आहे. साधी असती तर म्हणालो असतो, पाठवा, शिकून येईल परत. ही येणार नाही."

मी दाराआड उभी होते. मला वाटलं ही त्यांची सुरुवात असेल, आता वळण घेतील.

"मी जाणारे पाहिलेत. कुणी हैद्राबादला गेलं, कुणी कराचीला, कुणी विलायतेला. सगळे रडत गेले, आणि परतलं कोणी नाही. आधी पत्रं येतात. मग कमी येतात. दिल्लीत हिचं कोण आहे? आजारी पडली तर पाणी कोण देईल? इथं कोर्ट आहे, कन्नडला कोर्ट आहे. हिला इथंच बसू द्या. संध्याकाळी घरी येईल, चार शब्द बोलेल, कुणाला तरी ऐकायला मिळतील. पाठवू नका."

ते थांबले. रागानं मला त्यांच्याकडे बघवेना. ज्या माणसाला मी या शहरात आपलं म्हटलं होतं, त्यानं माझाच पाय ओढला होता.

आबांनी रुमाल गुडघ्यावरून उचलला आणि सावकाश डोक्याला गुंडाळला.

"झालं तुमचं?"

"झालं."

"माझी पोरगी परत येनार नाय, हे तुम्ही कोन सांगनार? तिला घरची वढ हाय का नाय ते मला ठावं. मी नाय म्हनलं ती गोष्ट येगळी, मी बाप हाय. दुसऱ्यानं माझ्या पोरीला नाय म्हनायचं काम नाय."

"मी फक्त एवढंच..."

"ऐकलं म्या समदं. जाईल ती. आन परत बी येईल. बघाच तुम्ही!"

वकीलसाहेब खुर्चीत बसले. "फैसला मंजूर," ते हळू आवाजात म्हणाले.

मी आबांना सोडायला स्टँडवर गेले. कन्नडची गाडी लागली होती. एक पाय पायरीवर ठेवून आबा एकदम थांबले आणि हसायला लागले. "च्यायला, म्हाताऱ्यानं गुंडाळलं की मला! व्हय म्हनला असता तर म्या हट्टानं नाय म्हनलो असतो. उलटा डाव टाकला बघ. लई पोचलेला वकील!" आणि ते हसत हसतच गाडीत चढले.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी तशीच गुलमंडीवर जाऊन पेढे घेतले आणि वकीलसाहेबांच्या हातावर ठेवले. त्यांनी पेढा घेतला, "जुनी विद्या आहे" म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले. नर्सबाईंना मी सगळं रंगवून सांगितलं तेव्हा त्या खाली जाऊन त्यांच्या पाया पडून आल्या. येडं म्हातारं म्हणणं त्यांनी त्या दिवसापासून बंद केलं.

मी निघाले तो शुक्रवार होता. मनमाडहून दिल्लीची गाडी होती, रिक्षा दारात उभी होती, ट्रंक चढवून झाली होती. वकीलसाहेब साध्या सदऱ्यात फाटकाबाहेर रस्त्यावर आले. कोटाशिवाय ते फारच बारीक दिसत होते.

"एक दुरुस्ती नोंदवायची आहे," ते म्हणाले. "त्या रविवारी मी काही डाव टाकला नव्हता."

मी रिक्षात ठेवलेला पाय परत खाली घेतला.

"दोन दिवस तुझ्या बाजूचे मुद्दे पाठ केले होते. चांगले होते. उभा राहिलो आणि तोंडातून माझीच बाजू निघाली. वकालतनामा तुझा आणि मुकदमा माझा. असं करणाऱ्या वकिलाची सनद काढून घेतात, सानी."

"मग आता कशाला सांगता?"

"तू मला फार हुशार समजून चालली आहेस. ते बरोबर नाही."

राग यायला हवा होता, पण तो कुठं सापडेना. मी वाकून त्यांच्या पायाला हात लावला आणि म्हणाले, "मी येईन परत."

"पुरावा?" त्यांनी विचारलं, आणि मग स्वतःच हात हलवून रिक्षावाल्याला निघायची खूण केली.

दिल्लीत मला माझ्यासारखी पुष्कळ माणसं भेटली. बुडालेली राज्यं आणि मागे राहिलेली माणसं हाच पुढे माझ्या अभ्यासाचा विषय झाला. पहिल्या वर्षी मी वकीलसाहेबांना दर आठवड्याला पत्र लिहिलं, मोठ्या अक्षरात, त्यांना बोट ठेवून वाचता यावं म्हणून. दुसऱ्या वर्षी महिन्यातून एकदा. ते गेल्याचं नर्सबाईंच्या कार्डावरून कळलं. दिल्लीनंतर मी परदेशी गेले, तिथंच नोकरी लागली आणि तिथंच राहिले. माझ्या आजूबाजूला आता पाच-सहा भाषा चालतात. त्यांतल्या एकीतही "मुद्दालेह" म्हटलं तर मान वर करून बघणारं कुणी नाही.

आबा शेवटपर्यंत फोनवर आधी "कवा येती?" विचारायचे, आणि मग वकीलसाहेबांची गोष्ट सांगायचे, जशी काही मला ती माहीतच नाही. "म्हातारा धडधडीत खोटं बोलला, पन तुझं भलं करून गेला," असं म्हणून मनापासून हसायचे. मीही हसायचे. त्या रविवारी वकीलसाहेबांच्या तोंडून एक शब्दही खोटा निघाला नव्हता, हे त्यांना सांगावं असं कितीदा ओठावर आलं. पण ते सांगायचं तर आधी मी परत येणार नाही, हे सांगावं लागलं असतं.